फोनचं मागचं झाकण घरी रंगवताना

(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

नमस्कार. रंगाची पुडी घेताना हा कागद आम्ही मुद्दाम सोबत देतो. घरी गेल्यावर, गॅस पेटवायच्या आधी, एकदा पूर्ण वाचा.

रंगपंचमीनंतर आमच्याकडे रंगलेले फोन येतात. नाशिकच्या शनी चौकातल्या किंवा तिवंधा चौकातल्या रहाडीवर (रंगाच्या पाण्यानं भरलेल्या हौदावर) जाऊन आलेलं कडक पांढरं झाकण ओल्या फडक्यानं पुसलं की बहुतेक वेळा साफ होतं, कारण तो रंग नुसता वर बसलेला असतो. आपल्याला याच्या उलट करायचंय. रंग प्लॅस्टिकच्या आत शिरला पाहिजे, म्हणजे खिशात किल्ल्यांना घासला तरी पापुद्रे निघत नाहीत. स्प्रेच्या रंगाचे निघतात.

आत शिरण्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे योग्य रंग. साडी-ओढणीसाठी मिळणारी सुती कापडाची पुडी इथे चालत नाही. येवल्याला पैठणीचं रेशीम ज्या रंगात रंगवतात, तोही प्लॅस्टिक धरत नाही. पॉलिस्टर कापडाला वापरतात तो डिस्पर्स रंग हवा. तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, बारीक कणांनी तरंगत राहतो, आणि ऊब मिळाली की प्लॅस्टिकमध्ये मुरतो. दुसरी गोष्ट म्हणजे ही ऊब, आणि झाकणं बिघडतात ती इथेच.

आधी झाकण कशाचं आहे ते बघा. आतल्या बाजूला बारीक अक्षरांत बहुधा लिहिलेलं असतं. ‘पीसी’ म्हणजे पॉलिकार्बोनेट. नोकियाच्या ल्युमिया ५२० सारख्या जुन्या फोनची निघणारी झाकणं याचीच. हे ९० अंशांपर्यंतच्या पाण्यात तग धरतं. ‘एबीएस’ (दुसरं एक कडक प्लॅस्टिक) किंवा ‘पीसी-एबीएस’ (दोन्हींचं मिश्रण) असेल तर ८० अंशांच्या वर जाऊ नका. एबीएस शंभरीच्या थोडं पुढे मऊ पडतं आणि नाशिकच्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणजे उकळी आली की झाकण वाकडं व्हायला फार वेळ लागत नाही. वाकलेल्या झाकणाचे खटके पुन्हा बसत नाहीत. काहीच लिहिलेलं नसेल तर एबीएस समजूनच चाला. झाकण साध्या पाण्यात तरंगलं तर ते पॉलिप्रॉपिलीनसारखं हलकं प्लॅस्टिक आहे. त्यावर रंग चढत नाही, पुडी वाया घालवू नका. झाकणावर हाताला रबरासारखा मऊ लागणारा किंवा चकचकीत कडक थर असेल तर रंग डागाडागांनी बसतो.

फोन बंद करून बॅटरी काढून ठेवा. रंगाच्या भांड्याजवळ बॅटरी कधीही आणू नका, तापली तर पेट घेऊ शकते. झाकणाच्या आत चिकटवलेली एनएफसीची (फोन नुसता जवळ टेकवून माहिती देण्या-घेण्याची) पट्टी, वायरलेस चार्जिंगची कॉइल, कॅमेऱ्याची काच, रबरी सील असं काही असेल तर ते झाकण पाण्यात घालू नका. आणि ज्या फोनचं झाकण नखानं निघत नाही, चिकटवलेलं असतं, त्याच्या वाटेला घरी जाऊच नका.

झाकण भांड्याच्या साबणानं धुवा. बोटाचं तेल राहिलं तर ठसा तसाच उमटतो. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर नको, एबीएस त्यात विरघळतं आणि पॉलिकार्बोनेटला तडे जातात.

स्टीलचं जुनं पातेलं घ्या, जे पुन्हा स्वयंपाकात येणार नाही. एक लिटर पाण्याला दीड-दोन ग्रॅम रंग आणि दोन थेंब भांड्याचा लिक्विड साबण. भुकटी नाकात जाऊ नये म्हणून मास्क लावा, हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, मुलांना लांब ठेवा. पाणी वर सांगितलेल्या अंशांपर्यंतच तापवा आणि झाकण दोऱ्यानं टांगून त्यात सोडा. तळाला टेकलं तर तिथेच वाकतं. हलवत राहा आणि दर दोन मिनिटांनी बाहेर काढून, धुऊन बघा. फिका रंग पाच मिनिटांत येतो, गडद व्हायला वीस किंवा जास्तही लागतात. घाईनं आच वाढवू नका. थोडा फिका वाटतो तेव्हाच थांबलेलं बरं, कारण पुन्हा बुडवता येतं, चढलेला रंग मात्र उतरवता येत नाही.

रंग नेहमी आधीच्या रंगात मिसळतो. पिवळ्यावर निळा टाकलात तर हिरवा मिळेल. पांढरं झाकण जुनं होऊन पिवळट पडलं असेल तर निळ्याऐवजी लाल किंवा नारिंगी घ्या, सुरेख दिसतं. काळ्यावर काहीच दिसत नाही.

शेवटचं धुणं अजिबात टाळू नका. फोन दिवसभर हातात आणि गालाला असतो, आणि काही डिस्पर्स रंगांनी त्वचेला खाज-पुरळ येते. कोमट साबणाच्या पाण्यात धूत राहा. पांढरं सुती फडकं जोरात घासल्यावर त्यावर रंग येता कामा नये. मग सावलीत पूर्ण एक दिवस वाळवा आणि नंतरच बॅटरी बसवा.

उरलेलं रंगाचं पाणी थंड करून, भरपूर पाण्यासोबत बाथरूमच्या मोरीत सोडा. बागेत किंवा उघड्या नाल्यात नको, नाले शेवटी गोदावरीलाच मिळतात.

झाकण कशाचं आहे हे कळत नसेल तर दुकानात घेऊन या, पाहून सांगायचे पैसे घेत नाही. घरात एखादं तुटकं झाकण पडलं असेल तर तेही आणा, पहिली बुडी त्यालाच देऊ.