दहा बाय दहाच्या खोलीत हरवलेला बेस

माझ्या खोलीत बसून बनवलेल्या गाण्यात बेस, म्हणजे खालचे घुमणारे सूर, कमी वाटतोय म्हणून मी तो सहा डेसिबलने वाढवला. तरी कमीच. मग आणखी थोडा. दुसऱ्या दिवशी मित्राच्या गाडीत तेच गाणं लावलं, तर दारं थरथरायला लागली आणि गायिकेचा आवाज कुठे बुडाला ते कळेना. सहा डेसिबल वाढवणं म्हणजे लहरीची उंची दुप्पट आणि शक्ती चौपट. एवढं गणित मला येत होतं. खोलीचं गणित मात्र येत नव्हतं.

बेसचा सूर होता खर्जातली पांढरी सहा, म्हणजे पेटीवरच्या सप्तकातली सहावी पांढरी पट्टी. वाद्यं जुळवताना वापरतात ती पांढरी सहा 440 हर्ट्झची. तिथून तीन सप्तकं उतरलं की 55. आवाज हवेत सेकंदाला साधारण 343 मीटर धावतो, त्यामुळे या सुराची एक लहर जवळपास सव्वासहा मीटर लांब. माझी खोली दहा फुटी, म्हणजे जेमतेम तीन मीटर. अर्धी लहर त्यात जवळजवळ चपखल बसते. जाणारी आणि भिंतीवरून परतणारी लहर एकमेकींत मिसळून स्थिर लहर तयार होते: भिंतींपाशी दाब सर्वांत जास्त, मधोमध जवळपास काहीच नाही. आणि माझी खुर्ची बरोबर पंख्याखाली! त्यात खोली चौरस, म्हणजे समोरासमोरच्या भिंतींच्या दोन्ही जोड्या त्याच सुराला पकडणार.

खोटं वाटत असेल तर 55 हर्ट्झचा साधा सूर स्पीकरवर मध्यम आवाजात लावा आणि एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत सावकाश चाला. मी चाललो. भिंतीशी छातीत घुमणारा सूर खोलीच्या मध्यावर आला की कोणी बटण फिरवावं तसा विरतो. दुसऱ्या टोकाला पुन्हा हजर. खोलीचं माप वेगळं असेल तर सूर थोडा वरखाली करून बघा.

यावर अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवायचा सल्ला हमखास मिळतो. त्याने खोली विचित्र दिसते, बाकी बेसला काही होत नाही. सहा मीटरच्या लहरीला दोन इंचांचा फोमसुद्धा जाणवत नाही. कोपऱ्यात उभ्या केलेल्या जाड गाद्यांचा थोडाफार उपयोग होतो.

मोबाइलची गोष्ट उलटी. त्याच्या एवढ्याशा स्पीकरमधून 55 हर्ट्झ जवळपास बाहेरच पडत नाही, तरी चांगल्या गाण्यातला बेस त्यावर कळतो. कसा? वाद्याचा सूर एकटा नसतो. 55 बरोबर 110, 165, 220, 275 असे त्याच्या पटीतले स्वरही वाजतात. (तंबोऱ्यात ऐकू येणारा स्वयंभू गांधार म्हणजे षड्जाचा असाच पाचपट स्वर.) या स्वरांमधलं अंतर प्रत्येकी 55, आणि तेवढ्यावरून मेंदू गायब असलेला मूळ सूर स्वतःच भरून काढतो. माझा बेस मात्र निव्वळ साइन लहर होता. त्यात पटीतलं काहीच नव्हतं. नुसता इक्वलायझर फिरवून जे नाहीच ते वाढणार कुठून? मग बेसवर हलकं सॅच्युरेशन लावलं. त्याने लहर किंचित वाकडी होते आणि नेमके हेच पटीतले स्वर जन्माला येतात. वाढवलेले डेसिबल सगळे परत काढले.

खुर्ची आता समोरच्या भिंतीपासून पावणेचार फुटांवर आहे. कपाटाचं दार अर्धंच उघडतं.