लेबलचा कान : डीप हाऊस संकलनांची पार्श्वभूमी

मुंबईत ‘डीजे’ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर विसर्जनाच्या मिरवणुकीतली स्पीकरची भिंत उभी राहते. त्यामुळे एखाद्या डीप हाऊस लेबलचं, म्हणजे हे संगीत प्रसिद्ध करणाऱ्या कंपनीचं, नवं संकलन आलंय, असं मी उत्साहानं सांगायला जातो तेव्हा आधी हे संगीत कसं असतं तेच सांगावं लागतं. मिनिटाला साधारण १२० ठोके, खाली न ढळणारा बास ड्रम, वर जॅझच्या वळणाच्या कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर. ठेका तोच राहतो आणि सुरावट सावकाश उलगडत जाते. भजनाला बसलेल्या माणसाला यातली गोडी चटकन कळते.

‘हाऊस’ हे नाव शिकागोतल्या ‘वेअरहाऊस’ क्लबवरून आलं, असं मानलं जातं. १९७७ मध्ये सुरू झालेल्या या क्लबात फ्रँकी नकल्स रेकॉर्ड लावायचे आणि नाचायला येणारे प्रामुख्याने कृष्णवर्णीय, समलिंगी तरुण असायचे. त्यातला ‘डीप’ प्रवाह मुख्यतः लॅरी हर्ड यांचा. मूळचा हा ड्रमवादक. १९८६ मध्ये ‘मिस्टर फिंगर्स’ या नावाने त्यांनी काढलेला ‘कॅन यू फील इट’ आजही या शैलीचा मूळ स्वर धरला जातो.

आता संकलनाकडे येऊ. हे ट्रॅक निघायचे बारा इंची सिंगलवर, म्हणजे एक-दोनच ट्रॅक असलेल्या तबकडीवर, थेट डीजेसाठी. मोठ्या तबकडीवर खोबण्यांना ऐसपैस जागा मिळते, म्हणून बास भरदार उमटतो. सुरुवातीला बऱ्याचदा नुसतेच ड्रम. १२० च्या लयीत चार ठोक्यांची सोळा आवर्तनं म्हणजे बरोबर ३२ सेकंद. तेवढ्या वेळात डीजे आधीच्या तबकडीत ही तबकडी बेमालूम मिसळतो. पण घरी ऐकणारा एकेक सिंगल किती विकत घेणार? म्हणून लेबलांनी ते निवडून सीडीवर आणले. काही संकलनं सलग मिसळलेली, काहींत प्रत्येक ट्रॅक पूर्ण लांबीचा. मला दुसरी जास्त आवडतात. सहा-सात मिनिटांच्या ट्रॅकला श्वास घ्यायला जागा राहते.

जर्मनीत कोलोनच्या ‘कॉम्पॅक्ट’ने १९९९ मध्ये ‘टोटल’ मालिका सुरू केली. हे लेबल टेक्नोकडे, म्हणजे जास्त यांत्रिक वळणाच्या नृत्यसंगीताकडे झुकणारं, पण गाजलेले अलीकडचे सिंगल आणि कुठेच न आलेले नवे ट्रॅक एकत्र देण्याचा पायंडा तिथे छान दिसतो. लंडनच्या ‘अंजुनाडीप’ची क्रमांकांची मालिका २००९ पासूनची. ओळखीच्या ट्रॅकमुळे श्रोता येतो, नव्यामुळे डीजे.

मराठी माणसाला हे परकं वाटू नये. १९०९ मध्ये का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपण हेच करतोय. नावाजलेला लेखक बघून अंक घ्यायचा आणि आत एखादा नवा हात सापडायचा. अंक चांगला की सामान्य, हे संपादकाच्या नजरेवर ठरतं. लेबलचं संकलन चाळताना मी तसाच त्यामागचा कान शोधतो.

हे संगीत ज्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांवर घडतं, त्यांच्याशी मुंबईचा संबंधही जुना आहे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँड कंपनीचा टीबी-३०३ हा बास सिंथेसायझर आणि टीआर-८०८ हे ड्रम मशीन घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. तबकडी फारशी खपली नाही. २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली, तेव्हा शिकागोच्या ॲसिड हाऊसच्या (टीबी-३०३ च्याच आवाजावर उभा राहिलेला हाऊसचा प्रकार) पाच वर्षं आधीचा तो नाद ऐकून लोक थक्क झाले. त्याच १९८२ च्या जानेवारीत गिरणी संप सुरू झाला होता. पुढे गिरण्या थंडावल्या आणि २००७ मध्ये लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात ‘ब्लू फ्रॉग’ हा क्लब उघडला. इलेक्ट्रॉनिक संगीताला शहरात मिळालेली ती एक उत्तम जागा २०१६ मध्ये बंद झाली. काळा घोड्याचं ‘रिदम हाऊस’ हे संगीताचं दुकानही त्याच वर्षी मिटलं.

दुकानं गेली आणि कुठला ट्रॅक आधी ऐकायचा हे आता ॲप ठरवतं. म्हणूनच कुणा माणसानं लावलेला क्रम मला मोलाचा वाटतो. दादरहून स्लो लोकल धरायची, इअरफोन लावायचे आणि शफल बंद ठेवून पहिल्या ट्रॅकपासून सुरुवात करायची. ठाण्यापर्यंत पाच-सहा ट्रॅक होतात.