मास्टरबोर्ड की स्निपेट रोल? चिटोरी तीच, पण काम वेगळं

जंक जर्नल, म्हणजे जुन्या-टाकाऊ कागदांची हाताने सजवलेली वही, करायला लागलं की चिटोऱ्यांचा डबा भरतच जातो, लग्नपत्रिकेचे सोनेरी काठ, कॅलेंडरची जुनी पानं, मिठाईच्या खोक्याचा कागद, आणि मग एक मैत्रीण सांगते मास्टरबोर्ड कर, दुसरी म्हणते स्निपेट रोल कर, आणि फोटो बघावेत तर दोन्ही सारखेच, कागदावर कागद चिकटवलेले. मलाही बरेच दिवस वाटायचं की एकाच गोष्टीची ही दोन नावं आहेत. तसं नाहीये.

मास्टरबोर्ड म्हणजे एक अख्खा कागद, साधा ए४ चालतो, त्यावर चिटोरी कशीही आडवीतिडवी चिकटवायची, खालचा कागद कुठेच दिसता कामा नये एवढंच बघायचं. मग वाळल्यावर त्यातून टॅग, गोल, खिसे, काय हवं ते कापायचं. म्हणजे इथे डिझाइन कात्री ठरवते, तुम्ही नाही. ५ बाय १० सेमीचे टॅग धरले तर एका ए४ मधून १० निघतात, आणि दहाही वेगळे दिसतात पण रंग एकाच घरातले असतात, त्यामुळे अख्ख्या जर्नलभर ते एकमेकांशी जुळतात, मला हे फार आवडतं.

रोल मात्र पट्टी असते. ए४ चे उभे ३ भाग केले की प्रत्येकी ७ सेमी रुंद पट्ट्या मिळतात, त्या १ सेमी एकमेकींवर चढवून जोडल्या की साधारण ८७ सेमी लांबी होते, आणि त्यावर एकापुढे एक छोटे छोटे थर रचत जायचं, पत्रिकेचा तुकडा, त्यावर लेसचा काठ, त्यावर फुलाचं कात्रण. कडा मुद्दाम दिसू द्यायच्या, फाटक्या असल्या तरी छानच. नंतर लागेल तेव्हा दोन रचनांच्या मधल्या जागेत कापायचं. इथे प्रत्येक तुकडा कुठे बसणार ते चिकटवतानाच ठरलेलं असतं, म्हणून वेळही खूप जास्त लागतो.

हे कळायला मला एक नुकसान सोसावं लागलं. आजीच्या अक्षरातली लोणच्याच्या मसाल्याची चिठ्ठी मी मास्टरबोर्डवर लावली आणि टॅग कापले तेव्हा तिच्या ओळी मधोमध तुटल्या, एका टॅगवर "मोहरी" आणि दुसऱ्यावर "पाव किलो". अजून वाईट वाटतं. तेव्हापासून ज्याचं मोल आहे ते रोलवर, आणि ज्याचा फक्त रंग किंवा पोत हवा आहे ते मास्टरबोर्डवर.

कागदही बघून घ्या. दुकानातली बरीच बिलं थर्मल कागदाची असतात, म्हणजे उष्णतेने छापलेली, त्यांवरची अक्षरं उडतात, आणि मास्टरबोर्ड सपाट करायला इस्त्री फिरवली तर ती काळीच पडतात, म्हणून आधी झेरॉक्स काढा आणि ती वापरा. वर्तमानपत्र पिवळं पडतंच, त्याच्या लगद्यात लिग्निन असतं. गोंद पातळ असला की कागद सुरकुततो, मी ग्लू स्टिकच वापरते.

रोलला मशीनची शिलाई मारायची असेल तर गोंद पूर्ण वाळू द्या नाहीतर सुई चिकट होते, टाका ३-४ मिमीचा ठेवा कारण बारीक टाक्याने कागद तिकिटासारखा फाटतो, आणि कागदासाठी वेगळी सुई ठेवा, ती लवकर बोथट होते मग कापडाला चालत नाही.

आणि हो, ए४ मधून ते १० टॅग कापल्यावर खाली ४.७ सेमीची एक पट्टी उरते, ती टाकू नका. माझ्या रोलची सुरुवात बहुतेक वेळा तिच्यापासूनच होते, दोऱ्याच्या रिकाम्या रिळावर गुंडाळून ठेवते आणि पुढचं चिटोरं हाती लागलं की तिथूनच चिकटवत जाते.