बुटका पिकअप, मोठी चाकं आणि साडेचार सेंटिमीटरचा हिशेब

शेवरोलेचा सी-१० हा अमेरिकेतला पिकअप मुळात शेतकऱ्याचा, सुताराचा, प्लंबरचा. मागे माल टाकायचा आणि कामाला लागायचं. १९६७ ते १९७२ या काळात निघालेल्या सी-१०चं आज कॅलिफोर्निया-टेक्सासमधल्या हौशी मंडळींनी जे केलंय, ते पाहून त्याचा पहिला मालक चक्रावून गेला असता. पंधरा इंची रिमच्या जागी बावीस इंची रिम, फेंडरची (चाकावरच्या पत्र्याची) कड टायरच्या माथ्यावरून खाली उतरलेली आणि गाडी उभी केली की चेसिस जवळजवळ रस्त्याला टेकलेली. देखणा दिसतो, वादच नाही. पण असा ट्रक हायवेवरून धावतोही आणि चालवणाऱ्याची कंबर शाबूत राहते, ते कसं?

गाडी खाली घेणं हे अवघड काम नाहीच. अवघड आहे ती चाकाला वरखाली व्हायला जागा शोधणं. बाकीची सगळी कापाकापी आणि वेल्डिंग त्या जागेसाठी चालतं.

पहिली जागा जाते टायरमधूनच. रिम मोठी झाली म्हणून चाक एकूण फार मोठं होत नाही. २३५/७५ मापाचा पंधरा इंची टायर साधारण ७३ सेंटिमीटर व्यासाचा, तर २८५/३५ मापाचा बावीस इंची टायर ७६ सेंटिमीटरचा. फरक तीन सेंटिमीटरचा. पण टायरची बाजूची भिंत साडेसतरा सेंटिमीटरवरून दहावर येते. हवा भरलेली ही भिंत म्हणजे गाडीची पहिली स्प्रिंगच. लहान खड्डे, सांधे, खडी हे सगळं ती परस्पर गिळत असते. ती आखूड झाली की ते काम सस्पेन्शनच्या गळ्यात पडतं. शिवाय मोठ्या रिमचं वजन मध्यापासून लांब, कडेला असतं, त्यामुळे चाक फिरवायला आणि थांबवायला जास्त जोर लागतो. जुने ब्रेक तसेच ठेवून बावीस इंची चाकं चढवणाऱ्यांची मला काळजी वाटते.

आता दुसरी जागा. समजा, एका मागच्या चाकावर गाडीचं ३०० किलो वजन आहे आणि स्प्रिंग अशी की ते वजन सेकंदाला दीड वेळा वरखाली डोलेल. ही बऱ्यापैकी आरामदायी गाडीची चाल. खड्डा आला, चाक वर उचललं गेलं आणि धक्का पचवायला साडेसात सेंटिमीटर मिळाले. गाडी खाली घेतल्यावर त्यातले साडेचार गेले, तीन उरले. स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा दाबल्या गेलेल्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. त्यामुळे अंतर अडीचपट कमी झालं, तर तोच धक्का पचवायला स्प्रिंग सव्वासहा पट कडक हवी. कडकपणा सव्वासहा पट म्हणजे डोलण्याचा वेग अडीचपट. दीडचे झाले पावणेचार. नेमकी इथेच मेख आहे, कारण बसलेल्या माणसाच्या धडाला सेकंदाला चार ते आठ वेळा होणारी उभी कंपनं सगळ्यात कमी सोसवतात. साडेचार सेंटिमीटर गमावून आपण बरोबर त्या पट्ट्याच्या उंबऱ्यावर येऊन उभे राहतो.

गॅरेजमधला सगळ्यात स्वस्त इलाज म्हणजे स्प्रिंगचे वेढे कापणं. आठ कामाच्या वेढ्यांतले दोन कापले की उरलेली स्प्रिंग एक तृतीयांशाने जास्त कडक होते. पण वरच्या गणिताने मागितला होता सव्वासहा पट कडकपणा. म्हणजे स्प्रिंग धड मऊ राहिली नाही, धड पुरेशी कडकही झाली नाही आणि प्रत्येक मोठ्या खड्ड्यात अ‍ॅक्सल बंप स्टॉपवर, म्हणजे हालचालीच्या टोकाला असलेल्या रबरी ठोकळ्यावर, आदळणार. कापलेली स्प्रिंग पाहिली की गाडी बांधणाऱ्याने हिशेब सोडून दिला असं समजावं.

पुढच्या चाकांसाठी फार सुंदर युक्ती आहे, ड्रॉप स्पिंडल. चाक ज्या पिनवर फिरतं ती पिन चाक चेसिसशी जोडणाऱ्या वरच्या आणि खालच्या दांड्यांच्या, म्हणजे आर्मच्या, मधल्या ओतीव भागावर असते. हा भाग नव्याने बनवून पिन सहा सेंटिमीटरच्या आसपास वर सरकवली की गाडी तेवढीच खाली बसते. स्प्रिंग तीच, आर्मचे कोन तेच, हालचालही पहिल्याइतकीच. स्प्रिंग कापून गाडी खाली घेतली असती तर आर्म वर चढले असते, चाकाचा माथा आत झुकला असता आणि स्टिअरिंगच्या दांड्याचा कोनही बिघडला असता. मग खड्ड्यात चाक उचललं की ते आपोआप थोडं वळतं आणि सरळ रस्त्यावर गाडी हातातून निसटल्यासारखी वाटते.

मागची बाजू जास्त रंगतदार आहे. बहुतेक पिकअपना मागे पाटे असतात, पण बऱ्याचशा सी-१०ना कॉइल स्प्रिंग आणि दोन लांब आर्म होते. अ‍ॅक्सलपासून निघून ते पुढे गाडीच्या मध्याकडे तिरके जातात. गाडी वळणात कलली की हे आर्म स्वतः थोडे पिळले जातात. ही रचना इतकी भरवशाची ठरली की अमेरिकेतल्या नॅसकार शर्यतींच्या मुख्य मालिकेतल्या गाड्या कित्येक दशकं तीच वापरत होत्या. थेट २०२२मध्ये नवी गाडी आली तेव्हा ती गेली. माल वाहणाऱ्या टेम्पोचं हाड शर्यतीच्या गाडीत, हे मला अजूनही गमतीचं वाटतं.

अ‍ॅक्सल डावीउजवीकडे सरकू नये म्हणून एक आडवा दांडा असतो, पॅनहार्ड रॉड. त्याचं एक टोक चेसिसला, दुसरं अ‍ॅक्सलला. तो कमानीत फिरतो, म्हणून अ‍ॅक्सल वर जाताना थोडा बाजूलाही जातो. ९० सेंटिमीटरचा दांडा आडवा असेल, तर साडेसात सेंटिमीटरच्या उडीत हे सरकणं फक्त तीन मिलिमीटर. पण गाडी १२ सेंटिमीटर खाली घेतली आणि दांड्याच्या जागा बदलल्या नाहीत, तर तो आधीच तिरका असतो आणि तेवढ्याच उडीत अ‍ॅक्सल तेरा मिलिमीटर सरकतो. रुंद टायरची कड आणि फेंडर यांच्यात मुळात बोटभर जागा, त्यात हे. म्हणून दांड्याचं टोक हलवून तो पुन्हा आडवा करायचा. हौस आणि पैसा दोन्ही असेल, तर वॅटची रचना बसवायची. जेम्स वॅटने वाफेच्या इंजिनातला दट्ट्या सरळ रेषेत ठेवण्यासाठी १७८४मध्ये पेटंट घेतलेली दांड्यांची जोडणी आज पिकअपचा अ‍ॅक्सल मध्यावर धरून ठेवते.

एवढं करूनही अ‍ॅक्सल वर येऊन चेसिसच्या लांब पट्टीला धडकतोच. इलाज एकच, त्या जागी चेसिसला खालून अर्धगोल खाच. वाकवणारा भार मुख्यतः पट्टीच्या वरच्या आणि खालच्या कडेवर येतो, आणि खाच नेमकी खालची कड तोडते. म्हणून कमानीच्या आकाराची जाड प्लेट लावून तो भार वळसा घालून पलीकडे पोचवावा लागतो. आधी प्लेट बसवून मग कापायचं की आधी कापायचं, यावर माणसाची पारख होते. कापताना चेसिसला टेकू दिला नसेल तर ती खाली बसते, आणि मग दरवाजे नीट लागत नाहीत.

आता लोखंडी स्प्रिंगच्या जागी बसवायच्या हवेच्या पिशव्या. ३०० किलो वजन १८० चौरस सेंटिमीटरच्या पिशवीवर टेकवलं, तर आत लागतो दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम पावणेदोन किलोचा दाब, म्हणजे कारच्या टायरपेक्षाही कमी. गंमत पुढे आहे. वजन वाढलं की दाब वाढवावा लागतो, आणि दाब वाढला की पिशवी त्याच प्रमाणात कडकही होते. त्यामुळे रिकामा असो की भरलेला, ट्रकची डोलण्याची चाल साधारण तीच राहते. लोखंडी स्प्रिंगला हे जमत नाही. मात्र पिशवी जितकी दबलेली, आत हवेला जागा जितकी कमी, तितकी ती कडक. म्हणून चेसिस टेकवून उभं राहायचं आणि चालवताना पिशव्या ठरलेल्या उंचीपर्यंत फुगवायच्या. पिशव्या आल्या म्हणून शॉकअब्सॉर्बरची सुट्टी होत नाही. डोलणं थांबवायचं काम त्यांचंच.

उंची हवी तेव्हा बदलण्याच्या या छंदामागे कायदाही आहे. १९५०च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियाने रिमच्या खाली बॉडी येईल अशा गाड्यांवर बंदी घातली. तेव्हा रॉन अगिरे या तरुणाने १९५९मध्ये आपल्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारला विमानातले हायड्रॉलिक पंप बसवले. पोलीस दिसला की गाडी वर, गेला की खाली. ती बंदी उठली थेट २०२४मध्ये. आपल्याकडे मात्र गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाहता, चेसिसला खाच पाडायचा विचारही करू नये.

जाणकार लोक स्प्रिंग किंवा पिशवी सगळ्यात शेवटी बसवतात. आधी नुसता अ‍ॅक्सल आणि खरी चाकं लावून जॅकने तो तळापासून माथ्यापर्यंत हळूहळू नेतात आणि दर सेंटिमीटरला थांबून कुठे काय टेकतंय ते बघतात. पुढची चाकं दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून तेच पुन्हा. इंजिनाची ताकद मागे नेणाऱ्या शाफ्टच्या क्रॉसचे (सांध्यांचे) कोन मापतात. अ‍ॅक्सल पूर्ण खाली लोंबकळत असताना ब्रेकचा होज ताणला जातोय का, हेही बघतात. ताणला जात असेल तर पिशव्या खोक्यातच राहतात आणि आधी लांब होज मागवला जातो.