पॅनचं चौथं अक्षर आणि डेटाबेसचा पहारा

तुमचं पॅन कार्ड काढा आणि चौथं अक्षर बघा. तिथे 'पी' असेल. कंपनीच्या पॅनमध्ये त्याच जागी 'सी' असतो, हिंदू अविभक्त कुटुंबाच्या 'एच', ट्रस्टच्या 'टी'. धारक व्यक्ती आहे की कंपनी, हे क्रमांकातच कोरलेलं. मला ही रचना मनापासून आवडते, कारण डेटाबेसमध्येही हीच युक्ती कामाला येते.

बँकेचं 'खातेदार' हे टेबल घ्या. व्यक्तीची जन्मतारीख लागते, कंपनीचा नोंदणी क्रमांक. सगळं एकत्र कोंबलं तर कितीतरी रकाने कायम रिकामे. म्हणून समाईक माहिती 'खातेदार'मध्ये आणि बाकीची 'व्यक्ती' व 'कंपनी' या दोन टेबलांत, तिन्हीकडे तोच क्रमांक. पण 101 हा क्रमांक 'व्यक्ती' आणि 'कंपनी' दोन्हीकडे शिरला तर? साधी फॉरेन की, म्हणजे एका टेबलातली नोंद दुसऱ्या टेबलाशी जोडणारा नियम, एवढंच बघते, की 'खातेदार'मध्ये 101 आहे ना? आहे. या आत!

"प्रोग्राममध्ये तपासू की," असं बहुतेक जण म्हणतात. पण नोंदी ॲपमधून येतात, रात्रीच्या फायलीतून येतात, कुणी डेटाबेसला थेट आज्ञा (क्वेरी) देतं. दोघांनी एकाच क्षणी तपासलं तर दोघांनाही जागा रिकामीच दिसते.

त्यापेक्षा 'खातेदार'मध्ये क्रमांक ही प्रायमरी की (प्रत्येक ओळीची ओळख) ठेवा, 'प्रकार' हा रकाना द्या आणि क्रमांक-प्रकार या जोडीवर युनिक बंधन (तीच जोडी पुन्हा येऊ नये) घाला. दोन्ही उपटेबलांतही 'प्रकार' ठेवा, रिकामा न चालणारा. 'व्यक्ती'त चेक, म्हणजे रकान्यात काय चालेल याची अट, लावा की फक्त 'पी' चालेल, 'कंपनी'त फक्त 'सी'. फॉरेन की आता जोडीवर. 101 मुळात 'पी' आहे. 'कंपनी'त (101, 'सी') घालायला गेलात तर मूळ टेबलात ती जोडीच नाही, फॉरेन की अडवते. (101, 'पी') घातलंत तर चेक अडवतो. मूळ टेबलात 'पी'चा 'सी' करू म्हटलं, तर 'व्यक्ती'तली ओळ असेपर्यंत तेही जमत नाही. ट्रिगरची, म्हणजे नोंद बदलताच आपोआप चालणाऱ्या कोडची, एक ओळही न लिहिता!

चुका नंतर एआय निस्तरेल, असं हल्ली ठामपणे सांगतात. पण 101 च्या दोन नोंदींपैकी खरी कोणती, हे त्या नोंदींत लिहिलेलंच नसतं.

101 'व्यक्ती' आणि 'कंपनी' यांपैकी कुठेच नसणं मात्र ही रचना थांबवत नाही. त्यासाठी व्यवहाराच्या शेवटी तपासलं जाणारं बंधन किंवा ट्रिगर लागतो. आणि मायएसक्यूएल ही डेटाबेस प्रणाली वापरत असाल तर आवृत्ती बघा: 8.0.16 च्या आधी ते चेक मुकाट्याने वाचायचं आणि सोडून द्यायचं.