पार्श्वभूमी : बाळाच्या ऑक्सिजनचा आकडा आणि त्यामागचा आलेख

अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या अतिदक्षता विभागात राउंड घेताना हल्ली अनेक ठिकाणी मॉनिटरवरचा स्तंभालेख उघडला जातो. आडव्या अक्षावर सॅच्युरेशनचे, म्हणजे रक्तात ऑक्सिजन किती टक्के भरला आहे त्याचे, पट्टे असतात. गेल्या २४ तासांतला किती टक्के वेळ बाळ त्या त्या पट्ट्यात होतं, हे स्तंभाच्या उंचीवरून कळतं. ऑक्सिजन कमी करायचा, सीपॅप (नाकावाटे सतत दाबाने हवा देऊन श्वासाला आधार देणारं साधन) काढायचा की अजून थांबायचं, याचा निर्णय घेताना हे चित्र समोर ठेवलं जातं. पद्धत साधी दिसते, पण तिच्यामागे नवजात वैद्यकातला फार कडवट वाद आहे.

जुना इतिहास बहुतेकांना माहीत आहे. १९४० च्या दशकात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ठेवायच्या उबदार पेट्यांमध्ये सढळ ऑक्सिजन सोडला गेला आणि हजारो मुलांची दृष्टी गेली. १९५३-५४ मध्ये अमेरिकेतल्या १८ रुग्णालयांनी मिळून केलेल्या चाचणीत दोष ऑक्सिजनचा असल्याचं सिद्ध झालं. मग हात इतका आखडला गेला की, १९७३ साली मांडलेल्या एका ब्रिटिश अंदाजानुसार, वाचलेल्या प्रत्येक दृष्टीमागे सुमारे १६ बाळं दगावली असावीत. पल्स ऑक्सिमेट्रीचं, म्हणजे त्वचेतून प्रकाश सोडून सॅच्युरेशन मोजण्याचं, तत्त्व १९७४ मध्ये जपानमध्ये मांडलं गेलं. १९८० च्या दशकात हे यंत्र वॉर्डांत पोहोचलं आणि सुई न टोचता सतत आकडा दिसू लागला. मात्र कोणता आकडा सुरक्षित, याची मोठ्या प्रमाणावर तपासणी व्हायला पुढची वीसेक वर्षं गेली.

ती झाली २००५ नंतर. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये २८ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळांवर पाच चाचण्या झाल्या. एका गटासाठी लक्ष्य ८५ ते ८९ टक्के, दुसऱ्यासाठी ९१ ते ९५. दोन्ही पट्टे त्या काळी प्रत्यक्ष वापरात होते. बाळ कोणत्या गटात आहे हे सिस्टर आणि डॉक्टरांना कळू नये म्हणून यंत्रांतच बदल केला गेला. खरं सॅच्युरेशन ८७ असो वा ९३, पडद्यावर ९०च दिसे. दोन्ही गटांत सिस्टर ८८ ते ९२ च्या दरम्यान बाळाला ठेवायची धडपड करत. टोकाच्या आकड्यांकडे जाताना यंत्र हळूहळू खऱ्या मोजमापावर परते.

या निर्णयावर आजही एकमत नाही. बाजू घेणारे म्हणतात, लपवाछपवी नसती तर प्रत्येकाने आपल्या समजुतीप्रमाणे ऑक्सिजन दिला असता आणि चाचणीतून काहीच हाती लागलं नसतं. विरोधकांचा आक्षेप असा, की खाटेजवळचा माणूस ज्या एकाच आकड्यावर विसंबून निर्णय घेतो, तोच बदललेला होता. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या एका सरकारी देखरेख कार्यालयाने संमतीपत्रांवर बोट ठेवलं : अंधत्व आणि मृत्यू यांच्या जोखमीबद्दल पालकांना पुरेसं सांगितलं गेलं नव्हतं. यावर वैद्यकीय आणि नीतिशास्त्रीय वर्तुळात उघड दोन तट पडले. माझ्या मते चाचणी आवश्यक होती आणि संमतीपत्रं अपुरी होती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

या वादाच्या गदारोळात एक गोष्ट मागे पडली, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. चाचण्या चालू असताना ब्रिटनमधल्या संशोधकांनी साठवलेल्या मोजमापांचे वारंवारतेचे आलेख काढले. वक्र गुळगुळीत यायला हवा होता, पण ८७ ते ९० च्या दरम्यान खळगा दिसला. यंत्राच्या अंशांकनातच, म्हणजे मोजमापाचं आकड्यात रूपांतर करण्याच्या मांडणीतच, खोट होती. त्या भागातले आकडे एक-दोन टक्क्यांनी वर ढकलले जात होते. एकेक आकडा पाहून हे कोणालाही कळलं नसतं. सॉफ्टवेअर सुधारलं गेलं. सुधारित यंत्रांवरच्या ११८७ बाळांत मृत्यूचं प्रमाण कमी लक्ष्याच्या गटात २३.१ टक्के आणि जास्त लक्ष्याच्या गटात १५.९ टक्के निघालं. कॅनडातल्या चाचणीत मात्र असा ठळक फरक आढळला नाही.

२०१८ मध्ये पाचही चाचण्यांतल्या ४९६५ बाळांची माहिती एकत्र तपासली गेली. मृत्यू किंवा मोठं अपंगत्व या एकत्रित निकषावर दोन गट सारखेच ठरले. पण मृत्यू वेगळे काढले तर कमी लक्ष्याच्या गटात १९.९ विरुद्ध जास्त लक्ष्याच्या गटात १७.१ टक्के, आणि दृष्टी घालवू शकणाऱ्या दृष्टिपटलाच्या आजारासाठी उपचार करावे लागण्याचं प्रमाण १०.९ विरुद्ध १४.९ टक्के. युरोपीय मार्गदर्शनात आता ९० ते ९४ चं लक्ष्य दिलेलं आहे.

लक्ष्य ठरलं, तरी बाळ तिथे राहतं का? २००६ च्या एका बहुकेंद्री पाहणीत बाळं ठरलेल्या पट्ट्यात जेमतेम ४८ टक्के वेळ होती. ३६ टक्के वेळ वर, १६ टक्के वेळ खाली. पुढच्या चाचण्यांतही दोन गटांचे वक्र एकमेकांवर बरेच चढलेले दिसले. स्तंभालेख खाटेपाशी आला तो या अनुभवातून. ७५ आणि १०० मध्ये हेलकावे खाणाऱ्या बाळाची सरासरी नव्वदीच्या आसपास येऊ शकते, आणि तासाला एकदा कागदावर टिपलेल्या नोंदींतून ते हेलकावे निसटतात. आलेखात दोन टोकांचे स्तंभ लगेच दिसतात. त्यात घसरण किती वेळा झाली हे दिसत नाही, म्हणून वेळेनुसार आकडा कसा हलला हे दाखवणारा ट्रेंडही पाहावा लागतो. आणि ९५ च्या वरचा स्तंभ काळजीचा ठरतो तो बाळ ऑक्सिजनवर असतानाच. साध्या हवेत ९८ असेल तर चांगलंच.

आपल्याकडे हा प्रश्न आणखी रुंद आहे. श्रीमंत देशांत ज्या वजनाची बाळं दृष्टिपटलाच्या या आजारातून सहज सुटतात, तशी बाळंही भारतात त्यात सापडतात. म्हणूनच इथे ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांचे डोळे तपासावेत असा निकष आहे. जिल्हा रुग्णालयांतल्या एसएनसीयूमध्ये (आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात) एका सिस्टरकडे अनेक बाळं असतात. अलार्म वाजला की ऑक्सिजन वाढवला जातो, आणि आकडा सावरल्यावर तो पुन्हा कमी करायला तिला वेळ मिळेलच असं नाही. अशा वॉर्डात ड्युटी बदलताना आलेख पाहण्याची सवय लागली, तर ९५ च्या वरचा उंच स्तंभ निदान कोणाच्या तरी नजरेस पडेल. मात्र तो खाली आणायचा तर हवा आणि ऑक्सिजन हव्या त्या प्रमाणात मिसळणारा ब्लेंडर खाटेशी असायला हवा.