खाली बसवलेली गाडी जास्त का कलते?

स्पोर्ट्स कार खाली बसवली की वळणावर कमी कलते, अशी समजूत इतकी पक्की आहे की त्यासाठी बुटक्या स्प्रिंग घेणारा एकच प्रश्न विचारतो: किती मिलिमीटर खाली येईल? मला या प्रश्नाचीच धास्ती वाटते. नुसती उंची घटवली, तर मॅकफर्सन सस्पेन्शनची, म्हणजे चाक वरून शॉकअब्सॉर्बरने आणि खालून एका आर्मने धरलेली गाडी उलट जास्त कलू शकते.

वळणावर गाडीला बाहेर ढकलणारं बळ तिच्या गुरुत्वमध्यावर लागतं. गाडी कलते ती मात्र वेगळ्याच बिंदूभोवती. तो रोल सेंटर. शॉकअब्सॉर्बरच्या वरच्या टोकातून त्याला लंब रेषा काढा, खालच्या आर्मची, म्हणजे चाक बॉडीला जोडणाऱ्या आडव्या पट्टीची रेषा आत वाढवा. दोन्ही छेदतात तिथून टायर जमिनीला टेकतो त्या बिंदूपर्यंत तिसरी रेषा ओढा. ती गाडीची मध्यरेषा कापते तिथे रोल सेंटर. गुरुत्वमध्य आणि हा बिंदू यांतलं अंतर म्हणजे गाडी कलवणाऱ्या तरफेचा दांडा.

समजा, गुरुत्वमध्य 500 मिमी उंच आणि रोल सेंटर 100 मिमी. दांडा 400. गाडी 30 मिमी उतरवली, गुरुत्वमध्य 470 वर आला. चाक मात्र जागेवरच असतं, त्यामुळे आर्मचं बाहेरचं टोक तिथेच राहतं आणि आतलं बॉडीबरोबर खाली जातं. आर्म तिरका होतो, छेदबिंदू खाली ओढला जातो. रोल सेंटर 60 मिमी उतरला, तर दांडा 430 होतो. स्प्रिंगचा कडकपणा तोच असेल, तर कल सुमारे साडेसात टक्के वाढला! बाहेरच्या टायरांवर सरकणारा भार घटतो खरा, पण सहाच टक्के.

म्हणून आधी कडकपणा विचारा, न्यूटन प्रति मिमीमध्ये. खोक्यावरचा ‘रेसिंग’ हा शब्द काहीच मोजत नाही. कडकपणा 30 टक्के वाढला, तर झोके पूर्वीसारखेच शमायला शॉकअब्सॉर्बरचं दमन (झोके रोखण्याची ताकद) सुमारे 14 टक्के वाढायला हवं, कारण इथे वर्गमूळ येतं. जुना शॉकअब्सॉर्बर तसाच ठेवला, तर गाडी खड्ड्यानंतर डुलत राहते. स्प्रिंगची वेटोळी कापण्याचा उद्योग तर कुणीच करू नये. कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही आणि चाक लटकलं की स्प्रिंग जागेवरून सुटू शकते.

गाडी सपाट जागी चाकांवर उभी असताना पुढच्या चाकामागे वाकून आर्म पाहा. आतलं टोक बाहेरच्यापेक्षा खाली गेलेलं दिसलं, तर आणखी उतरवण्याआधी आर्मचं बाहेरचं टोक चाकाला जोडणारा बॉल जॉइंट लांब बसवा, म्हणजे ते टोक खाली येईल, आणि सोबत चाक वळवणाऱ्या स्टिअरिंगच्या टाय रॉडची उंचीही जुळवून घ्या. ती राहिली, तर प्रत्येक उंचवट्यावर चाक आपोआप थोडं वळेल.